रंधा कोणाच्या हातात? हुन्नर, जात आणि गोंदिया जिल्ह्यातील आपला प्रश्न

१९५४ ची भंडारा लोकसभा पोटनिवडणूक आपल्या चळवळीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. बाबासाहेब येथून उभे राहिले आणि काँग्रेसने त्यांना पाडले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. हा इतिहास आपण दर वर्षी सांगतो आणि तो सांगितलाच पाहिजे. पण ज्या माणसांनी तेव्हा बाबासाहेबांना मते दिली त्यांच्या हातात कोणती अवजारे होती, कोणती अवजारे त्यांच्या हातात येऊ दिली गेली नाहीत आणि का, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. मतपेटीचा इतिहास आपण लिहिला. अवजारपेटीचा इतिहास लिहायचा राहिला आहे.

म्हणून या लेखात आम्ही एका साध्या अवजाराबद्दल बोलणार आहोत. ते म्हणजे सुताराचा लाकडी रंधा.

गोरेगाव, आमगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या बाजूच्या जुन्या घरांच्या माळ्यांवर आणि भंगाराच्या दुकानांत असे रंधे आजही मिळतात. बंडी, नांगर, दार-चौकटी लाकडाच्या होत्या तोवर त्यांना काम होते. बंडीच्या जागी ट्रॅक्टर आला, सागाच्या दाराच्या जागी प्लायवूड आणि लोखंडी चौकट आली, उरलेले काम विजेच्या रंध्याने घेतले. लाकडी रंधा अडगळीत गेला. आता शहरातले हौशी लोक तो विकत घेऊन दिवाणखान्यात शोभेला ठेवतात आणि त्याला 'परंपरा' म्हणतात. आमचे म्हणणे असे की हा रंधा शोभेला ठेवण्यापेक्षा दुरुस्त करून पुन्हा चालवला पाहिजे. तो चालवताना 'परंपरा' या शब्दाची झडतीही घेतली पाहिजे.

शब्द काय सांगतात

आपल्या विदर्भात सुताराला 'वाढई' म्हणतात. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला हा शब्द गावंढळ वाटतो. पण पालीत सुताराला 'वड्ढकी' म्हणतात आणि आपला 'वाढई' त्याच घराण्यातला आहे. म्हणजे तथागतांच्या काळची भाषा आपल्या गावच्या सुताराच्या नावात जिवंत आहे.

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात जा. तेथील चैत्यगृहाच्या छताला बसवलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. त्याच लेण्यात एका सुताराचे नाव कोरलेले आहे. धेनुकाकट गावचा वढकी सामी, वेणुवासाचा मुलगा. दाराचे काम त्याच्या नावावर आहे. राजाचे नाव कोरले जाणे समजू शकते. पण ज्याने हाताने काम केले त्याचे नाव, गाव आणि बापाचे नाव लिहून ठेवावे असे बौद्ध संघाच्या जागेत वाटले, ही गोष्ट लहान नाही. पुढे शेकडो वर्षे याच महाराष्ट्रात मंदिरे आणि वाडे उभे राहिले. त्यांतल्या किती सुतारांची नावे आपल्याला माहीत आहेत?

जुन्नरच्या लेण्यांतला एक लेख याहून जास्त बोलका आहे. त्यात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि कांसारांच्या श्रेणीकडे दानाची रक्कम ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. बांबूकाम करणारे लोक तेव्हा इतके पतदार होते की धर्मदायाची ठेव त्यांच्याकडे विश्वासाने ठेवली जाई. आज तोच बांबू फाडून सुपे-टोपल्या विणणारा बुरूड समाज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. आणि लाकूड तासणारा सुतार इतर मागासवर्गात.

बांबू तोच, सुरी तीच, बोटांचे कसबही तेच. मग हा समाज अस्पृश्य कसा झाला? कामात घाण होती म्हणून माणूस अस्पृश्य झाला, असे आपल्याला शाळेपासून ऐकवले जाते. जुन्नरचा दगड ही थाप खोटी ठरवतो. दर्जा कामाने ठरला नाही. तो वरून लादला गेला आणि नंतर त्याला कामाचे कारण चिकटवले गेले.

आता 'रंधा' हा शब्द घ्या. तो फारसी 'रंदे'वरून आला. म्हणजे कारागिराचे नाव पालीचे आणि त्याच्या हातातल्या अवजाराचे नाव फारसी. हे अवजार जगभर फिरलेले आहे. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या उत्खननातही रंधे सापडले. जपानचा सुतार रंधा स्वतःकडे ओढतो, आपला पुढे ढकलतो, तत्त्व एकच. ज्या अवजाराने इतक्या भाषा आणि इतके देश ओलांडले, ते आपल्या गावात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत मात्र जाऊ शकले नाही. हा अडथळा अवजाराचा नव्हता, हे उघड आहे.

रंधा दुरुस्त कसा होतो

'हे त्यांच्या रक्तातच असते' असे कारागिरांबद्दल कौतुकाने म्हटले जाते. ऐकायला गोड वाटणारे हे वाक्य जातिव्यवस्थेचे जुनेच तत्त्वज्ञान आहे. त्याला उत्तर द्यायचे तर रंध्याचे काम नेमके काय असते ते पाहावे लागेल. म्हणून पुढची माहिती आम्ही मुद्दाम तपशिलाने देत आहोत.

लाकडी रंध्याचे मुख्य भाग चार : लाकडाचा ठोकळा, त्यात तिरपे बसवलेले पोलादी पाते, ते घट्ट धरणारी लाकडी पाचर आणि तळाला पाते जिथून बाहेर डोकावते ते तोंड. पाते साधारण ४५ अंशांत बसते. पुष्कळ रंध्यांत पात्यावर दुसरे जाड पाते असते. लाकूड उचकटण्याआधी छिलका मोडून पुढे वळवणे हे त्याचे काम.

जुना रंधा हातात आला की आधी तो वाचायचा. ठोकळ्याला वाळवी लागली आहे का, पाचरीच्या दोन्ही बाजूंना भेग गेली आहे का, हे पाहायचे. माळ्यावरून काढलेला ठोकळा लगेच उन्हात ठेवायचा नाही. आपल्याकडे पावसाळा जोरदार आणि उन्हाळा कडक. लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते आणि घाईने वाळवले तर फाटते. सावलीत काही आठवडे ठेवून मगच काम सुरू करायचे.

पाते काढून गंज उतरवायचा. चिंचेच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून घासले तरी पुरते. जुन्या पात्यांत एक गोष्ट दिसते : पुष्कळ पाती पूर्ण पोलादाची नसतात. अंग साध्या लोखंडाचे आणि धारेच्या टोकाला पोलादाची पट्टी भट्टीत जोडलेली असते. पोलाद महाग होते तेव्हाचा हा शहाणपणा. वर्षानुवर्षे धार लावून ती पट्टी संपली असेल तर ते पाते कामाचे राहत नाही. पट्टी शिल्लक असेल तर आधी पात्याची पाठ धारेजवळ आरशासारखी सपाट करायची आणि मग उताराची बाजू २५ ते ३० अंशांत घासायची. धार म्हणजे दोन सपाट पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ. त्यातला एक जरी वाकडा असला तरी धार लागत नाही. विजेच्या दगडावर घाई केली तर पाते तापून निळे पडते आणि त्याचे पाणी जाते. म्हणून दर थोड्या वेळाने ते पाण्यात बुडवायचे.

नंतर तळ. जाड काचेवर पॉलिशपेपर चिकटवायचा आणि त्यावर रंधा घासायचा. घासताना पाते आणि पाचर जागेवर ठोकलेलीच हवी, फक्त पाते आत ओढलेले हवे. पाचरीच्या ताणाने ठोकळा किंचित वाकतो. ताण नसताना सपाट केलेला तळ कामाच्या वेळी पुन्हा वाकडा होतो. तळावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारल्या की घासले कुठे गेले आणि राहिले कुठे ते दिसते. पुढचे टोक, तोंडाच्या लगेच पुढचा भाग आणि मागचे टोक एका पातळीत आले की काम झाले. गुण्याची पट्टी लावून उजेडात पाहिले की खालून किती प्रकाश येतो त्यावरून कळते.

तळ झिजत गेला की तोंड रुंद होते आणि रुंद तोंडाचा रंधा लाकूड उचकटतो. अशा वेळी तोंडाच्या पुढे खाच करून कठीण लाकडाचा तुकडा बसवतात. पाचरीचे दोन्ही पाय पात्यावर सारखे टेकले पाहिजेत. नाहीतर छिलका त्यांच्याखाली अडकून तोंड तुंबते. शेवटी ठोकळ्याला जवसाचे तेल. जवस आपल्याच धानाच्या बांधीत, धान निघाल्यावर येते. ते बाहेरून आणायला नको.

आता पाते लावायचे. ते जास्त बाहेर काढायचे असेल तर पात्याच्या डोक्यावर हलका ठोका, आत घ्यायचे असेल तर ठोकळ्याच्या मागच्या टोकावर ठोका. दर ठोक्यानंतर पाचर दाबून पाहायची. तलम, सलग छिलका निघाला की रंधा लागला.

यातली कोणती पायरी रक्तातून येते? सपाट पृष्ठभाग भूमितीने येतो, धार कोनाने येते, ठोक्याचा अंदाज सरावाने येतो. शिकवणारा माणूस, चुकायला थोडे लाकूड आणि काही महिने वेळ, एवढे ज्याला मिळते त्याला रंधा येतो. ज्याला यातले काहीच मिळू दिले नाही त्याला तो येत नाही. हुन्नराचे सगळे गूढ एवढेच आहे.

संयुक्त निकायात तथागतांनी सुताराच्या अवजाराचा दृष्टान्त दिला आहे. वाकसाच्या दांड्यावर सुताराच्या बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे उमटतात. आज तो किती झिजला, काल किती झिजला, हे सुताराला सांगता येत नाही. पण झिजला हे त्याला दिसते. मनातले विकारही तसेच सरावाने झिजतात, असा त्याचा आशय. त्या दृष्टान्तात कोणाच्या जन्माचा प्रश्नच नाही. प्रश्न फक्त सरावाचा आहे. जुन्या रंध्यावर हाताची खोलगट जागा दिसते तेव्हा तो सराव आपल्यासमोर असतो. त्या खळग्याला गोत्र नसते.

अडवले कोणी आणि कसे

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि होऊ न दिलेले भाषण बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतः छापले. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणीच तर आहे, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी त्यात उत्तर दिले. कामे वाटून घेणे हे प्रत्येक समाजात असते. येथे मात्र कामे वाटण्याच्या नावाखाली काम करणारी माणसेच एकावर एक रचलेल्या बंद कप्प्यांत टाकली गेली. कोणाची आवड किंवा कुवत कोणी विचारली नाही. गांधीजींनी 'हरिजन'मधून वडिलोपार्जित धंद्याचा पुरस्कार केला, तेव्हा बाबासाहेबांनी त्यांच्याच घराण्याकडे बोट दाखवले. जन्माने बनिया असलेल्या गांधीजींनी स्वतः तागडी हातात न घेता वकिली का निवडली, हा त्यांचा सवाल होता. त्याचे उत्तर आजवर मिळालेले नाही.

हा केवळ तत्त्वाचा वाद नव्हता, पोटाचा होता. मध्य प्रांतातला महार समाज पिढ्यान्पिढ्या जाडेभरडे कापड विणत असे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात याची नोंद आहे. म्हणजे विणकामाचे कसब आपल्या लोकांच्या हातात होते. पण मुंबईच्या कापड गिरण्यांत ज्या विणकाम खात्यात पगार जास्त, तेथेच अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगार कसा ओढणार? १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. कौशल्य नव्हते म्हणून आपल्याला बाहेर ठेवले, हे खोटे आहे. कौशल्य असूनही बाहेर ठेवले.

ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या तक्रारींचे निवेदन दिले. आपल्या तरुणांनी ते जरूर वाचावे. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी मदतीची मागणी आहे आणि तिच्यासोबत सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे ही मागणीही आहे. विदेशातल्या पदव्या मिळवलेला माणूस कारखान्यातल्या उमेदवारीसाठी भांडत होता. गोंदियासारख्या रेल्वे जंक्शनच्या गावात या मागणीचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. ज्या रेल्वेने हे गाव मोठे केले तिच्या कारखान्यांत सुतार लागत, लोहार लागत, फिटर लागत. तेथे कोण शिरणार, हा प्रश्न बाबासाहेबांनी सरकारदरबारी नेला होता.

पुढे १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि तिच्यातून आजच्या आयटीआय वाढल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा आला आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद झाली. बापाचा धंदा काय, हे न विचारता रंधा हातात देणारा वर्ग, ही या देशात क्रांतिकारक गोष्ट होती. ती आपोआप झाली नाही.

'विश्वकर्मा' आणि आपण

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. १८ धंद्यांची यादी आहे आणि तिच्यात सुतारकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज. ज्याला हे पैसे मिळतात त्याने ते घ्यावेत. गरीब कारागिराच्या हातातला घास काढून घ्या असे आम्ही म्हणणार नाही. कागदावर जातीची अट नाही, हेही आम्ही मान्य करतो.

पण योजनेची भाषा पाहा. गुरु-शिष्य परंपरा आणि कुटुंबाधारित पारंपरिक कौशल्य बळकट करणे, हा तिचा घोषित हेतू आहे. कुटुंबाधारित म्हणजे काय? ज्याच्या घरात कधी रंधा येऊच दिला नाही, त्याच्या कुटुंबाचा आधार कोणता? मद्रासमध्ये १९५३ साली राजगोपालाचारींनी मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि उरलेला वेळ बापाच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली होती. पेरियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला कुलधर्माचे शिक्षण म्हणून झोडपले आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. त्या आठवणीमुळेच तामिळनाडू सरकारने विश्वकर्मा योजना आहे तशी घ्यायला नकार दिला आणि कुटुंबाच्या धंद्याची अट नसलेली स्वतःची योजना आणली. महाराष्ट्रात, बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात, यावर साधी चर्चाही झाली नाही.

आमच्याच काही साथींचा आक्षेप वेगळा असतो. ते म्हणतात, बाबासाहेबांनी जातीचे धंदे सोडा, शिका, शहरात जा असे सांगितले. मग तुम्ही तरुणांच्या हातात पुन्हा रंधा का देता? आक्षेप गंभीर आहे. पण बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितले ते नीट पाहा. १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडायला सांगितले, लाचारी सोडायला सांगितली. जी कामे सक्तीने, बिनमोल किंवा तुकड्याच्या मोबदल्यात आणि माणूसपण काढून घेऊन करवून घेतली जात होती ती सोडायची होती. स्वतः निवडलेले, पुरी मजुरी मिळणारे कसब त्यांनी नाकारले असते तर १९४२ चे निवेदन त्यांनी लिहिलेच नसते. आपल्या मुलीने डॉक्टर व्हावे, वकील व्हावे. तिला उत्तम सुतार व्हायचे असेल तर तेही व्हावे. हरकत आहे ती जन्माने ठरण्याला.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. गावोगावच्या माळ्यांवर आणि भंगारात पडलेले रंधे, पटाश्या, वाकस गोळा करा. जे म्हातारे सुतार आज कामाविना बसले आहेत त्यांना मानधन देऊन विहारात शिकवायला बोलवा. ते आपल्या समाजाचे नाहीत म्हणून बिचकू नका. त्यांच्याही श्रमाला या व्यवस्थेने शाबासकी दिली, पत दिली नाही. वर्ग सर्व जातींच्या मुलामुलींसाठी खुला ठेवा. प्रत्येक अवजारासोबत ते कोणाचे, कोणत्या गावचे, कशासाठी वापरले, कोणत्या मोबदल्यावर वापरले, हे लिहून ठेवा. कार्ल्याच्या सामीचे नाव टिकले ते लिहिले गेले म्हणून. आणि आपल्या तालुक्यातल्या आयटीआयमध्ये सुतारकामाच्या किती जागा आहेत, त्यातल्या किती भरतात, शिकाऊ उमेदवारीच्या राखीव जागांवर प्रत्यक्षात कोण आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर आले की ते सगळ्यांसमोर मांडा.

एका जुन्या रंध्याला धार लावायला एक रविवार पुरतो. तो कोणीही उचलू शकेल अशी व्यवस्था आणायला बाबासाहेबांचे आयुष्य गेले आणि काम अजून बाकी आहे. दोन्ही कामे आपल्यालाच करायची आहेत.

जयभीम!